सुट्या कुसवाची करामत

तुमच्या वर्गातले एखादे जुने बाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. ते कुरकुरते आहे? मग त्याच्या सांध्यांकडे नीट बघा. लाकूड बहुधा धडधाकट असते; सैल झालेला असतो तो सांधा. लाकडी वस्तूचे आयुष्य तिच्या सांध्यांवर अवलंबून असते. म्हणून आज आपण एका फार जुन्या सांध्याची ओळख करून घेऊ आणि तो अचूक पाडण्यासाठी एक साधा साचाही बनवू.

खिळा का पुरत नाही?

लाकूड म्हणजे लांबच लांब, पोकळ तंतूंचा जुडगा. हवेतला ओलावा वाढला की हे तंतू जाडीने फुगतात, पण लांबीने जवळजवळ वाढत नाहीत. ओले लाकूड वाळताना लांबीत हजारात एक-दोन भागच आटते. आडव्या दिशेने मात्र शंभरात कित्येक भाग आटते. पावसाळ्यात दार घट्ट बसते आणि उन्हाळ्यात सहज लागते, ते यामुळेच. या वर्षानुवर्षांच्या फुगण्या-आटण्याने खिळ्याभोवतीचे तंतू दबतात आणि खिळा ढिला पडतो.

मग सरस लावून पट्टीचे टोक दुसऱ्या पट्टीला नुसते चिकटवले तर? तेही टिकत नाही. पट्टीच्या टोकाशी तंतूंची तोंडे उघडी असतात. ती सरस शोषून घेतात आणि सांधा कोरडा राहतो. सरस उत्तम धरतो तो तंतूंच्या बाजूंना. तेव्हा अशा बाजू एकमेकींना भिडतील अशी सोय हवी. सुताराने ती सोय कुसू आणि खोबण यांच्या रूपाने केली. एका पट्टीच्या टोकाला जीभ कोरायची, हे कुसू. दुसऱ्या पट्टीत ती बसेल असे लांबट भोक पाडायचे, ही खोबण.

याचाच एक प्रकार म्हणजे सुटे कुसू. यात दोन्ही पट्ट्यांत खोबणी पाडतात आणि लाकडाचा वेगळा तुकडा दोन्हींत अर्धा अर्धा बसवतात. फायदा असा, की जीभ कोरण्याचे नाजूक काम वाचते. एका लांब पट्टीतून एकाच जाडीची वीस कुसवे भराभर कापता येतात.

समुद्रतळावरचा पुरावा

ही युक्ती नवी नाही. १९८२ साली तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, उलुबुरुन नावाच्या भूशिरापाशी, स्पंज गोळा करणाऱ्या एका पाणबुड्याला समुद्राच्या तळाशी तांब्याच्या लाद्या दिसल्या. पुढे १९८४ ते १९९४ या काळात तेथे उत्खनन झाले. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे ३३०० वर्षांपूर्वी, बुडालेले ते व्यापारी जहाज होते. त्याच्या फळ्या सिडारच्या होत्या आणि त्या कडेला कड लावून ओकच्या सुट्या कुसवांनी सांधलेल्या होत्या. कुसू निसटू नये म्हणून त्यातून आरपार लाकडी मेखाही मारल्या होत्या. रोमन लोक अशा जोडाला फिनिशियनांचा जोड म्हणत. ज्या सांध्याने समुद्राच्या लाटा सोसल्या, तो आपल्या चौकटीला सहज पुरेल.

चूक होऊ द्या, पण सारखी होऊ द्या!

सुट्या कुसवात एक अडचण आहे. दोन्ही खोबणी एकमेकींसमोर नेमक्या यायला हव्यात. समजा, आपल्या पट्ट्या २४ मिलिमीटर जाड आहेत आणि खोबणीचा मध्य १२ मिलिमीटरवर हवा आहे. पण तो चुकून १२.५ मिलिमीटरवर पडला. आता काय होईल?

प्रत्येक पट्टीच्या एका बाजूवर पेन्सिलीने खूण करा. तिला ‘दर्शनी बाजू’ म्हणू. दोन्ही पट्ट्यांत ही दर्शनी बाजूच साच्याला टेकवली, तर दोन्ही खोबणी त्या बाजूपासून १२.५ मिलिमीटरवरच पडतील. जोडल्यावर दर्शनी बाजू अगदी सपाट! मात्र एक पट्टी उलटी टेकवली, तर दर्शनी बाजूपासून एक खोबण १२.५ वर आणि दुसरी ११.५ वर पडेल. सांध्यावर १ मिलिमीटरची पायरी येईल. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची चूक एकदा शून्य होते, तर एकदा दुप्पट. चुकीला चुकीने छेद देण्याची ही रीत प्रयोगशाळेतही उपयोगी पडते.

साचा बनवू या

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी चौकट करायची आहे असे धरू. पट्ट्या ६० मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर जाड घ्या. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश ठेवावी, असा सुतारांचा ठोकताळा आहे. म्हणून आपले कुसू ८ मिलिमीटरचे.

खोबण पाडायला राउटर नावाचे विजेचे यंत्र वापरतात. ते मेजाखाली उलटे बसवले, की त्याचे फिरणारे बिट मेजातून वर डोकावते आणि आपण लाकूड त्यावरून सरकवतो. आपला साचा लाकडाला नेमक्या वाटेने नेतो.

१८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची ३०० मिलिमीटर रुंद व २५० मिलिमीटर उंच फळी घ्या. ही सरकती फळी. तिच्या मधोमध उभी रेघ आखा. रेघेपासून ३० मिलिमीटरवर एक दांडी गुण्या लावून काटकोनात उभी ठोका. दांडीचे खालचे टोक फळीच्या तळापासून ७० मिलिमीटर वर राहू द्या. आडवी पट्टी टोकावर उभी करून दांडीला टेकवली, की तिचा मध्य आपोआप रेघेवर येतो. चौकटीची उभी पट्टी मात्र तिच्या आतल्या कडेवर आडवी ठेवायची. ती दांडीखालून जाते. तिच्या टोकापासून ३० मिलिमीटरवर केलेली खूण फळीवरच्या रेघेशी जुळवायची. दोन्ही वेळी दर्शनी बाजू फळीला टेकवून पट्टी क्लॅम्पने घट्ट आवळायची.

आता मेजावर एक सरळ आधारफळी बसवा. बिटाच्या मध्यापासून तिचे अंतर ३० मिलिमीटर हवे: सरकत्या फळीची जाडी १८ आणि पट्टीची अर्धी जाडी १२. सरकती फळी हिलाच घासत सरकेल. खोबण ३५ मिलिमीटर लांब हवी आणि बिट स्वतःच ८ मिलिमीटर रुंद आहे. म्हणून फळी फक्त २७ मिलिमीटर सरकली पाहिजे. बिटाच्या मध्यापासून डावी-उजवीकडे १६३.५ मिलिमीटरवर एकेक ठोकळा बसवला, की झाले.

आधी पेन्सिलीची परीक्षा

यंत्र लावण्यापूर्वी हा प्रयोग करा. एका फळीला भोक पाडून त्यात पेन्सिल अशी बसवा, की तिचे टोक जेमतेम वर येईल. ही फळी मेज समजा आणि पेन्सिल बिट. आधारफळी आणि ठोकळे वरच्या मापांनी लावा. पट्ट्यांच्या तळाला कागद चिकटवून साचा सरकवा. कागदावर २७ मिलिमीटरची रेघ उमटेल. दोन्ही पट्ट्यांवर ती दर्शनी बाजूपासून किती अंतरावर आहे ते मोजा. मग मुद्दाम एक पट्टी उलटी लावून पुन्हा मोजा. मघाचे गणित डोळ्यांसमोर उभे राहील.

बिटाशी खेळ नको

प्रत्यक्ष राउटर चालवणे हे कार्यशाळेतल्या शिक्षकांचे किंवा जाणत्या सुताराचे काम. तुम्ही ते लांबून पाहा. का, ते ऐका. बिट मिनिटाला २०,००० फेरे घेते असे धरले, तर ८ मिलिमीटरच्या बिटाची कड ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. बिटाला दोन धारा असतील, तर सेकंदाला ६०० हून अधिक घाव पडतात. बोटाला मागे घ्यायला सवडच मिळत नाही.

वरून पाहिले तर मेजातले बिट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. म्हणून लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडे सरकवतात. तसे केले की बिट लाकडाला आधारफळीकडे दाबते. उलट दिशेने सरकवले, तर तेच बिट लाकूड आधारफळीपासून दूर ढकलते आणि ते हातातून निसटू शकते. एका फेरीत ३ मिलिमीटरच खोली घ्यायची. २५ मिलिमीटर खोल जायला आठ-नऊ फेऱ्या लागतात. बिटाची उंची बदलायची ती यंत्र बंद करूनच. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर पट्टी हवीच.

राउटर नसला तरी अडत नाही. ८ मिलिमीटरची भोके ओळीने पाडून मधले लाकूड पटाशीने साफ केले, तरी खोबण तयार होते. आखणीचा नियम तोच.

शेवटचा हात

कुसवाचे तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने असावेत. दोन्ही खोबणी मिळून खोली ५० मिलिमीटर; कुसू ४८ मिलिमीटरच कापा, म्हणजे तळाशी सरसाला जागा राहील. राउटरने पाडलेल्या खोबणीची टोके अर्धगोल असतात, म्हणून कुसवाच्या कडाही घासून गोल करा. कुसवावर लांबीने एक बारीक चर पाडा. नाहीतर ते आत जाताना पिचकारीच्या दट्ट्यासारखे काम करते आणि कोंडलेला सरस व हवा त्याला मागे ढकलतात. कुसू हाताच्या दाबाने आत जावे, पण पट्टी उलटी केल्यावर गळून पडू नये. ते जमले, की सांधा जमला.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. पट्ट्या २४ ऐवजी ३० मिलिमीटर जाड असतील आणि खोबण १० मिलिमीटरच्या बिटाने ४० मिलिमीटर लांब पाडायची असेल, तर आधारफळी किती अंतरावर लावाल? आणि दोन ठोकळ्यांमध्ये किती अंतर ठेवाल?

(उत्तर: ३३ मिलिमीटर, ३३० मिलिमीटर.)