गर्डरवरचा शिक्का

अमरावतीत राजापेठेच्या एका आतल्या गल्लीत एक फाटक आहे. लोखंडी पट्ट्या वाकवून केलेला उगवता सूर्य, त्याच्या किरणांच्या मधोमध आकडा: १९५३. भाचीने फॉर्मवर 'बांधकामाचं वर्ष' या रकान्यात तो आकडा लगेच उतरवून घेतला. ती वास्तुशास्त्राला आहे. एखादी जुनी इमारत इंचाइंचाने मोजायची आणि तिचे नकाशे काढून आणायचे, असं एक काम या मुलांना असतंच. 'मेजर्ड ड्रॉइंग' म्हणतात त्याला. बाकीच्यांनी देवळं घेतली, वाडे घेतले. हिने हे घर घेतलं आणि टेपचं दुसरं टोक धरायला मामा घेतला.

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजींनी चष्मा वर केला. "कायचं मोजून राहिली वं पोरी? आमाले इकाचं नाही घर."

त्यांचं चुकलं नाही. आपल्याकडे घर मोजायला कोणी आलं की तो बिल्डरचा माणूस असतो, भावाभावांतल्या वाटणीसाठी आलेला असतो, नाहीतर रस्तारुंदीवाला असतो. घर आवडलं म्हणून मोजतो आहोत, हे पटायला आम्हाला दोन कप चहा लागले.

अमरावतीत जुनं काय, असं कोणालाही विचारा. अंबादेवी, एकवीरा आणि परकोट ही उत्तरं ठरलेली. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून कापसाच्या पेठेतल्या सावकारांना वाचवायला उभारलेला तो कोट, त्याचा सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. त्यांतल्या खुनारी खिडकीची गोष्ट तर इथल्या प्रत्येक आजोबांनी सांगितलेली असते. त्या कोटाबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला लागून जे शहर पसरलं, त्यातली राजापेठ. बडनेऱ्याहून येणाऱ्या रेल्वेच्या फाट्यामुळे इथलं फाटक आणि फाटकावरची ताटकळ दोन पिढ्यांनी भोगली. आता उड्डाणपूल झाला. त्या पुलावरून जाताना डावीउजवीकडे पाहिलं तर पंधरा-वीस वर्षांतले फ्लॅट दिसतात, आणि त्यांच्या कुशीत अजून चेपून बसलेली पन्नास-साठच्या दशकांतली एकमजली, दुमजली घरं. त्यांना जुनं म्हणायला कोणी तयार नाही. नवी तर ती नाहीतच.

ही घरं ओळखायला सोपी आहेत. वाड्याला असतो तसा मधला चौक नाही. चारही बाजूंनी मोकळी जागा, पुढे व्हरांडा, त्याला गोलसर कोपरा. खिडक्यांवर भुवईसारखा एकसलग छज्जा. दर्शनी भिंतीवर सिमेंटात उठावाने लिहिलेलं नाव, 'कृपा' किंवा 'स्मृती'ने संपणारं. ग्रीलमध्ये सूर्य, कमळ, कधी चरखा. कवेलू जाऊन वर सपाट स्लॅब आली, आणि तिच्याबरोबर वऱ्हाडच्या उन्हाळ्याची राहणी बदलली. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, वाफ निवली की गाद्या टाकायच्या. या घराच्या गच्चीचा कठडा भाचीने मोजला तेव्हा तिला एक गोष्ट सापडली. कठड्यातली सिमेंटची जाळी वर नाही, अगदी खाली आहे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. उभ्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. झोपलेल्याच्या अंगावरून मात्र वारा जातो. ज्याने कोणी ती बसवली, तो स्वतः गच्चीवर झोपणारा होता, एवढं नक्की.

तो कोण होता? बहुधा आर्किटेक्ट नव्हे. नाव असलेले आर्किटेक्ट मुंबईत. १९३७ साली तिथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं, तेव्हा नव्या घराची हवा शहरी मध्यमवर्गात पसरली. जिल्ह्याच्या गावांत ती पोचवली ओव्हरसीअरांनी आणि पुस्तकांनी. पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे यांनी मध्यमवर्गीयांसाठी घरांच्या नकाशांची इंग्रजी पुस्तकं काढली: 'रेसिडेन्शियल बिल्डिंग्ज सूटेड टु इंडिया', 'चीप अँड हेल्दी होम्स', 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया'. सगळी १९३० च्या दशकातली. संडास किती दूर, स्वयंपाकघर कोणत्या दिशेला, खोलीत वारा आरपार कसा जाईल, खर्च किती, हे सगळं त्यांत होतं. घर बांधायला निघालेल्या वकिलाने असं पुस्तक मिस्त्रीपुढे ठेवावं आणि मिस्त्रीने "हे राहू द्या साहेब" म्हणत आपल्या सवयीचं काहीतरी त्यात घालावं, असा तो काळ. राजापेठेतल्या या घरांचा नकाशा पाहिला की पुस्तक कुठे संपलं आणि मिस्त्री कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येतं. पुढच्या तीन खोल्या पुस्तकातल्या. मागची न्हाणी, पाटावरवंट्याचा ओटा, परसातली विहीर मिस्त्रीची.

आणखी एक गोष्ट या घरांत लपलेली असते. ती सिमेंटची वाटतात, पण उभी आहेत चुन्यावर. दुसऱ्या महायुद्धापासून सिमेंटवर सरकारी नियंत्रण आलं. ते अंशतः उठलं १९८२ साली आणि पूर्ण उठलं १९८९ साली. मधल्या काळात सिमेंटची गोणी म्हणजे परमिट, ओळख आणि खेटे. म्हणून सिमेंट जिथे दिसेल किंवा जिथे त्याच्यावाचून चालणारच नाही तिथे जायचं: छज्जा, नावाची पाटी, व्हरांड्याचे खांब. भिंतीची वीट चुन्यात. हे ठाऊक नसलेला आजचा कंत्राटदार अशा भिंतीला वरून घट्ट सिमेंटचा गिलावा करतो, ओल आत कोंडते, आणि चार पावसाळ्यांनी पोपडे धरले की "घर संपलं" असं जाहीर होतं. संपवलं, हा शब्द जास्त बरोबर.

आता प्रश्न कायद्याचा. १९५८ चा केंद्राचा कायदा स्मारक म्हणायला शंभर वर्षं मागतो. त्या हिशेबाने १९५३ च्या घराने २०५३ पर्यंत दम धरायला हवा. दिल्लीच्या प्रगती मैदानात राज रेवाल आणि महेंद्र राज यांनी १९७२ साली काँक्रीटच्या त्रिकोणांच्या जाळ्यातून उभा केलेला 'हॉल ऑफ नेशन्स' जगभरच्या पाठ्यपुस्तकांत होता. तो वाचवा म्हणून अर्ज झाले तेव्हा वारसा समितीकडे साठ वर्षांची अट होती. हॉल पंचेचाळीसचा. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत पाडला. अमेरिकेत हीच रेघ साधारण पन्नास वर्षांवर आहे, म्हणून तिथली जिल्हा पातळीवरची प्रशासनं युद्धानंतरच्या वसाहती, शाळा, पेट्रोलपंपसुद्धा आता नोंदवत सुटली आहेत. तिथल्या नोंदणीची सुरुवातही गंमतशीर आहे. १९३३ च्या मंदीत आर्किटेक्ट बेकार झाले होते. त्यांना काम द्यायला सरकारने जुन्या इमारती मोजायला लावलं. त्यातून 'हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे' उभा राहिला आणि ते नकाशे आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कोणालाही पाहता येतात. त्यातल्या कित्येक इमारती पडल्या. कागद राहिले. मला स्वतःला या धंद्यातली हीच बाजू जास्त खरी वाटते. राजापेठेतली सगळी घरं राहावीत, असं म्हणण्याचा हक्क मला नाही. त्यांत मी राहत नाही, त्यांची गळती मी काढत नाही. मोजून ठेवा एवढं म्हणता येतं.

महाराष्ट्रात हे काम सगळ्यात पुढे गेलं ते अर्थातच मुंबईत. १९९५ साली मुंबईची वारसा नियमावली आली, इमारतींना एक, दोन-अ, दोन-ब, तीन अशा श्रेणी मिळाल्या. पण ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारतींना मान मिळायला रहिवाशांनाच उठावं लागलं. अतुल कुमार यांनी सुरू केलेल्या 'आर्ट डेको मुंबई' या न्यासाने गल्लोगल्ली फिरून इमारती नोंदवल्या, मरीन ड्राइव्हवर न थांबता दादर, माटुंगा, शिवाजी पार्कापर्यंत. कठड्याचे नमुने, नावांच्या अक्षरांची वळणं, जिन्यातली फरशी, सगळं. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको मिळून ९४ इमारतींचा समूह जागतिक वारशाच्या यादीत घेतला. त्यात १९३३ चं रीगल थिएटर आहे, १९३८ चं इरॉस आहे.

थिएटरांवरून आठवलं. अमरावतीचा पत्ता सांगायचा तर चित्रा चौक, प्रभात चौक, श्याम चौक. आत सिनेमा लागो न लागो, टॉकीजचं नाव चौकाला चिकटलं ते सुटत नाही. इमारतीची नोंद नाही, पण तिच्या नावावर अख्खं गाव रिक्षा थांबवतं.

मुंबईची रीत इथे जशीच्या तशी मात्र चालत नाही. आमच्याकडे कागद वेगळे. गावातल्या सरकारी जागेचं नाव 'नझूल', आणि बाकी महाराष्ट्रात जिला मिळकत पत्रिका म्हणतात तिला विदर्भात 'आखीव पत्रिका' म्हणतात. शीट नंबर, प्लॉट नंबर, क्षेत्रफळ, धारक, मग फेरफारांची रांग. आजोबा वारले, पाच वारस लागले, एकाने हक्क सोडला. जमिनीची सगळी वंशावळ त्यात असते, घराविषयी ओळभर मजकूर नसतो. शिवाय वऱ्हाड १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, त्या तारखेला मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. सात वर्षांत सरकारी कागदांवरचं राज्याचं नाव दोनदा बदललं. १९५३ च्या घराच्या मंजुरीचा कागद शोधणाऱ्याने धीर घेऊन निघावं. मला विचाराल तर आपला पहिला सर्वेक्षक घरटॅक्सवाला. आरसीसी किती, कवेलू किती, टिनाचं किती, खोल्या किती, हे निदान तो लिहून घेतो. कर वाढवायला का होईना, त्याने आत डोकावून पाहिलेलं असतं.

म्हणून इथे घरालाच विचारावं लागतं. भाची आणि मी दिवसभर तेच केलं. पितळी टोप्यांची काळी गोल बटणं, लाकडी पट्टीवरून गेलेली वायर. न्हाणीच्या दारावर आतून ठोकलेला पत्रा. मागच्या खोलीचं छत गर्डर आणि फरशीचं. टॉर्च मारून पाहिलं तर चुन्याच्या थरांखाली लोखंडात उठलेली अक्षरं अर्धवट दिसत होती. अशा अक्षरांवरून पुष्कळ कळतं. विलायती कारखान्याचं नाव निघालं तर माल बहुधा जुना, टाटाचं निघालं तर देशी. आम्ही स्टुलावर चढून चमच्याने चुना खरवडला. चमचा आजींचा. 'टा' दिसला, मग शेवटचा 'टा'.

एका मुद्द्यावर भाचीशी वाद झाला. फोटोत कूलर येऊ नये म्हणून ती अंग वाकडं करत होती. समोरच्या सुंदर खिडकीत अँगलचं स्टँड वेल्ड करून भलामोठा पत्र्याचा कूलर बसवलेला, त्यासाठी छज्ज्याखालची ग्रील कापलेली. तिच्या शिक्षकांना 'मूळ' दर्शनी भाग हवा. मी म्हटलं, पारा पंचेचाळीसला टेकतो त्या गावात कूलर वगळून घराची नोंद करशील, तर ती कुठल्या गावाची? ग्रील कापली हे लिही, कधी कापली ते विचारून लिही, आणि फोटोत कूलर येऊ दे. तिने दोन्ही फोटो काढले. एक कॉलेजसाठी, एक माझ्यासाठी.

संध्याकाळी फॉर्म वाचून दाखवला. 'बांधकामाचं वर्ष १९५३' म्हणताच आजींनी सूप खाली ठेवलं.

"तो गेट आमचा नोहे वं माय. आमच्या भासऱ्यानं जिनाच्या लिलावातून आनला होता. घर झालं तवा माहा मोठा पोट्टा पोटात होता. तो सत्तावनचा."

भाचीने त्रेपन्न खोडलं, सत्तावन लिहिलं, आणि पुढे कंसात 'फाटक जुनं, जिनिंगमधून आणलेलं' असं बारीक अक्षरात घातलं. रकान्यात जागा पुरेना म्हणून समासात गेली.

"आन वरची खोली?" आजींनी विचारलं.

"ती पण सत्तावनचीच ना?"

"नाही. ते एकाहत्तरची. सून येनार होती ना." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चाल, दाखवतो. टेप घे."