दुखणे म्हशीला, इंजेक्शन पखालीला

आपले सुरत हे हातांनी काम करणाऱ्यांचे शहर. लिंबायत, उधना, डिंडोली भागातील आपल्या अनेक घरांत कोणी यंत्रमागावर पाळी करतो, कोणी हिऱ्याच्या घंटीवर मान खाली घालून बसतो, तर घरी आई साड्यांवर खडे-टिकल्या लावते. संध्याकाळी कोणाची मान धरते, कोणाची कंबर. मग बाम चोळायचा, दुकानातून गोळी आणायची आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचे. दुखणे मात्र जात नाही. याचे एक कारण असे की, पुष्कळदा दुखते एकीकडे आणि मूळ असते दुसरीकडे.

१९३८ साली इंग्लंडमधील डॉक्टर केलग्रेन यांनी स्वतःच्या आणि काही स्वयंसेवकांच्या स्नायूंत खारट पाण्याचे इंजेक्शन देऊन पाहिले. वेदना टोचलेल्या जागेपासून दूरही जाणवली. पुढे अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या वेदनांचे नकाशेच तयार केले. १९६१ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. केनेडींची पाठदुखी प्रसिद्धच आहे. स्नायूतील अशा दुखऱ्या गाठीला 'ट्रिगर पॉइंट' म्हणतात. खांद्यावरच्या स्नायूत गाठ असेल तर डोके ठणकू शकते. नितंबातील गाठीमुळे पायात कळ येऊ शकते, आणि आपण पोटरीच चोळत बसतो!

अशी गाठ शोधून तिच्यावर दाब देणे म्हणजे न्यूरोमस्क्युलर मसाज. 'न्यूरो' म्हणजे मज्जातंतूंचा, 'मस्क्युलर' म्हणजे स्नायूंचा. उपचार करणारा आधी बोटांनी चाचपून स्नायूतील ताठ दोरीसारखा भाग शोधतो. तेथे अंगठ्याने सोसवेल इतका स्थिर दाब काही सेकंद देतो, सोडतो, पुन्हा देतो. मग तो स्नायू हळूहळू ताणतो. सतत आखडलेल्या जागी रक्तपुरवठा कमी पडतो, मज्जातंतू चिडतात आणि वेदनेने स्नायू आणखी आखडतो. हे चक्र दाबाने तुटते, असे या पद्धतीचे स्पष्टीकरण आहे. गाठींच्या या सिद्धान्तावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. मसाजने अनेकांना आराम पडतो, पण तो बहुधा थोड्या काळाचा असतो.

घरी करण्याजोगा सोपा उपाय असा. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरावा आणि दुखऱ्या जागेवर सावकाश टेकावे. दाब मणक्यावर नको, बाजूच्या मांसल भागावर हवा. अर्ध्या मिनिटाने थांबावे. मुंग्या आल्या किंवा कळ वाढली तर लगेच सोडावे. केस कापल्यावर मानेला झटका देऊन 'कट्' असा आवाज काढून घेणे म्हणजे ही थेरपी नव्हे. अशा झटक्याने मानेच्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

पालकहो, काही दुखण्यांना हात लावायचाच नसतो. छातीत दाब, घाम आणि डावा हात किंवा जबडा दुखणे ही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात. खांदा चोळण्यात वेळ न दवडता १०८ ला फोन करावा. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते, तेथे मसाज धोक्याचा. पडल्यानंतरचे दुखणे, ताप, हातापायांतील शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, यांत आधी डॉक्टर. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारूनच मसाज घ्यावा. एरवीही दुखणे दोन-तीन आठवडे टिकले तर न्यू सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालयात दाखवून फिजिओथेरपीविषयी विचारावे.

खरी अडचण वेगळीच आहे. जेथे नगावर मजुरी मिळते तेथे विश्रांती म्हणजे कमाईत तूट. म्हणून माणूस गोळी घेऊन काम रेटतो. पण मनाने रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात. त्यापेक्षा अर्ध्या तासाने एक मिनिट उठणे, खांदे फिरवणे आणि मान सावकाश दोन्हीकडे वळवणे स्वस्त पडते. खडे लावताना साडी मांडीवर न ठेवता उंच पाटावर घेतली तरी मान कमी वाकते.

विद्यार्थ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे ओझे वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. तुमचे वजन तीस किलो असेल तर दप्तर तीन किलोपर्यंतच! ते दोन्ही खांद्यांवर घ्या आणि मोबाईल मांडीवर न ठेवता डोळ्यांसमोर धरा. बाकांची उंची मुलांच्या उंचीशी जुळते का, हे विश्वस्त मंडळींनी एकदा वर्गात बसून पाहावे, ही विनंती.

गाठ दाबून आजचे दुखणे हलके होईल. उद्या ती पुन्हा होऊ नये यासाठी मात्र बसण्या-उठण्याची सवयच बदलावी लागेल.