चिरलेलं वांगं काळं पडतं, त्याच ट्रिकने पाण्यातलं फिनॉल कसं पकडतात?

सदाशिव पेठेतलं स्वयंपाकघर असो नाहीतर सांगलीतलं, भरल्या वांग्यांचा बेत असला की चिरलेली वांगी लगेच पाण्यात पडतात. नाहीतर ती काळी पडतात. वांग्यातली फिनॉलिक संयुगं आणि हवेतला ऑक्सिजन यांची गाठ एक एन्झाइम घालून देतं, त्यातून क्विनोन बनतं आणि पुढे तो काळपट रंग येतो.

आता विषय पिण्याच्या पाण्याचा. पेठेत नळाला येतं ते खडकवासल्याचं पाणी, पर्वतीला शुद्ध करून, क्लोरीन मिसळून. क्लोरीन हवंच. पण कुठल्याही नदीत रेझिन, रंग किंवा औषधांच्या कारखान्याचं सांडपाणी शिरलं आणि त्यात फिनॉल असलं, तर क्लोरीनशी मिळून त्याचं क्लोरोफिनॉल होतं. त्याचा दवाखान्यासारखा वास अगदी कणभर असला तरी येतो. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या ‘आयएस 10500’ या भारतीय मानकात मर्यादा आहे लिटरला 0.001 मिलिग्रॅम. म्हणजे 10 हजार लिटरचे 100 टँकर, आणि त्या सगळ्यांत मिळून फक्त 1 ग्रॅम!

हे मोजायचं तर नमुना लॅबमध्ये न्यायचा, ऊर्ध्वपातन करायचं, रसायन टाकून रंग मोजायचा. रिपोर्ट येईपर्यंत पाणी पिऊन झालेलं असतं.

इथे बायोसेन्सर कामाला येतो. इलेक्ट्रोडवर टायरोसिनेज हे एन्झाइम चिकटवतात. वांग्यातल्या एन्झाइमचं हे भावंड बहुतेकदा मशरूममधून काढतात, आणि चिकटवायला कोळंबीच्या टरफलापासून बनणारं कायटोसान चालतं. पाण्यात फिनॉल असलं की टायरोसिनेज त्याचं क्विनोन करतं. चिरलेल्या सफरचंदाला लिंबू चोळलं की लिंबातलं सी व्हिटॅमिन क्विनोनला इलेक्ट्रॉन देऊन मागे फिरवतं. इलेक्ट्रोडही तेच करतो, फक्त दिलेले इलेक्ट्रॉन मोजतो. जितका करंट, तितकं फिनॉल. घरातल्या शुगर तपासायच्या मशीनमध्येही एन्झाइमचीच पट्टी असते. ही कल्पना लेलँड क्लार्क यांनी 1962 मध्ये मांडली होती.

मग हा सेन्सर प्रत्येक नळाला का नाही? कारण एन्झाइम नाजूक. उन्हाळ्यात ते ढेपाळतं, क्विनोनचा थर साचून इलेक्ट्रोड बुजतो, आणि काही क्लोरोफिनॉल टायरोसिनेजला ओळखताच येत नाहीत. त्यामुळे गढूळ पाण्यात 0.001 गाठणं अवघडच.

कारखान्याच्या नाल्यावर मात्र गणित सोपं होतं. नदीत सोडायच्या सांडपाण्याला लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, म्हणजे हजारपट. तिथे सेन्सरचा आकडा चढला, की लगेच नमुना भरून लॅबला पाठवायचा.