म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडले? सप्लिमेंटचा डबा घेण्याआधी हे वाचा

थंडी पडली की वस्तीवरचं म्हातारं कुत्रं सकाळी लवकर उठत नाही. उठलं तरी पहिली चार पावलं लंगडत टाकतं आणि ऊन लागलं की जरा मोकळं होतं. बांधावरून उडी मारणं तर कधीच बंद झालेलं असतं. वय झालेल्या कुत्र्यात असं बहुतेकदा सांध्याची गादी झिजल्यामुळं, म्हणजे संधिवातामुळं होतं. त्यावर ‘जॉइंट सप्लिमेंट’च्या गोळ्या, पावडरी आता मेडिकलमध्ये आणि मोबाईलवरून मागवूनही मिळतात. पण घ्यायचं कोणतं?

आधी दुखणं ओळखा

लंगडणारं प्रत्येक कुत्रं संधिवाताचंच असतं असं नाही. पायात काटा, मोडलेलं नख, गाडीचा जुना मार ही कारणंही असतात. गोचीडतापातही सांधे सुजतात. अशा वेळी पावडर देत बसलं तर उपचाराचा वेळ हातचा जातो. म्हणून एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवणं पहिलं काम.

डब्यात काय असतं?

बहुतेक डब्यांत ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन असतं. दोन्ही सांध्याच्या गादीतले घटक आहेत. काही कुत्र्यांना फरक पडल्याचं मालक सांगतात, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्या मानानं माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा पुरावा अधिक चांगला आहे. जवसातही ओमेगा-३ असतं, पण ते वेगळ्या प्रकारचं. कुत्र्याच्या शरीरात त्याचं रूपांतर फार कमी होतं, म्हणून जवसाचं तेल माशाच्या तेलाची जागा घेत नाही.

निवडताना काय बघायचं?

- एका गोळीत कोणता घटक किती मिलिग्रॅम, हे छापलेलं हवं. नुसतं ‘खास फॉर्म्युला’ लिहिलेला डबा परत ठेवा.
- कुत्र्याच्या वजनाप्रमाणं रोज किती गोळ्या लागतात ते वाचा. ६० गोळ्यांचा डबा रोज दोन लागल्या तर महिनाभरच पुरतो. किंमत डब्याची नको, दिवसाची काढा.
- ‘आठ दिवसांत गुण’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत काहीच फरक नसेल तर डॉक्टरांना विचारून बंद करा.
- कुत्र्याला साखरेचा आजार किंवा दुसरं औषध चालू असेल तर ते आधी सांगा.
- गाई-म्हशीची उरलेली कॅल्शियमची बाटली पाजू नका. झिजलेल्या सांध्याला तिचा उपयोग नाही.

घरातली गोळी देऊ नका

खरा धोका इथं आहे. कुत्रं कण्हतंय म्हणून माणसांची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी भाकरीत घालून दिली जाते. त्यानं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड निकामी होतं आणि जीवही जातो. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. गिधाडं मरू लागली म्हणून जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर देशात २००६ मध्येच बंदी आली. वेदना जास्त असेल तर कुत्र्यांना चालणारी वेगळी औषधं आहेत, ती वजन बघून डॉक्टरच देतात. सप्लिमेंट हे वेदनेवरचं औषध नव्हे, त्याला जोड आहे.

बिनपैशाचे उपाय

जाड कुत्र्याचं वजन उतरवलं तर सांध्यावरचा भार लगेच कमी होतो. त्यासाठी उरलेलं गोडधोड, तेलकट, जादा भाकरी बंद करा. फरशीवर झोपू देऊ नका, दोन-तीन पोती एकावर एक घालून अंथरूण करा. लांब पळवण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं चालवा. वाढलेली नखं कापा.

खिशात पैसे मोजकेच असतील तर ते आधी तपासणीवर घाला, उरले तर डब्यावर. दहा वर्षं रात्री-अपरात्री शेत राखलेल्या जनावराचं म्हातारपण त्यानंच जास्त सुसह्य होईल.