घुं घुं करणाऱ्या चाकाचा हिशेब

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मारुतीची वॅगनआर बाजारात आली. इंडिका जिल्ह्याच्या जेमतेम काही महिने आधीची, तर अल्टो आणि बोलेरो पुढच्या वर्षीच्या. जिल्ह्याच्या वयाच्या या गाड्या वसमत, सेनगाव, कळमनुरीच्या रस्त्यांवर अजून दिसतात. काहींवर एमएच-३८, तर काहींवर पुण्या-मुंबईच्या पाट्या. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी कारच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून थेट पाच हजार रुपये झालं. तेही भरून जो जुनी गाडी ठेवतो, तो हौशी कमी आणि हिशेबी जास्त असतो.

अशा गाडीत एक दिवस चाकातून आवाज सुरू होतो. आधी वाटतं, रस्ताच खडबडीत असेल. मग औंढ्याच्या नव्या, गुळगुळीत रस्त्यावरही तो येतो. पन्नास-साठच्या वेगाला घुं घुं, वेग वाढला की सूर चढतो. क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिन मंदावलं, तरी सूर तोच. म्हणजे दोष इंजिनात नाही, चाकात आहे. पण कोणत्या? मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात गाडी हलकेच उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर. डावीकडे वळताना वाढला तर उजव्या.

संशय म्हणजे निकाल नव्हे. वेडावाकडा झिजलेला टायरही हुबेहूब असाच घुमतो. पुढचे टायर मागे टाकून पाहायला खर्च जवळजवळ शून्य, पण हा साधा प्रयोग न करता बेअरिंग बदलणारे कमी नाहीत. पक्की खात्री जॅकवर होते. चाक उचलायचं, खाली घोडा लावायचा, वर-खाली हात धरून चाक हलवायचं. खडखड झाली तर बहुधा बेअरिंग ढिलं. फक्त डावी-उजवीकडे धरून हललं तर आधी स्टिअरिंगचे जोड तपासायचे. जाणता मेकॅनिक आणखी एक गोष्ट करतो. एका हाताने चाक फिरवतो आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवतो. खराब बेअरिंगची किरकिर बोटांना लागते, कानाला ऐकू येण्याआधीच. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची अतिसूक्ष्म थरथर टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहते आहे. गॅरेजवाल्याची बोटं तोवर आपलं काम करताहेत.

बेअरिंग मुळात का जातं? जुनेपणाइतकीच दोन कारणं इथली. पहिलं पाणी. ब्रेक आणि धाव यांनी तापलेला हब नाल्यावरच्या बुडालेल्या पुलावर एकदम थंड पाण्यात जातो, आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. एक-दोन पावसाळ्यांत ग्रीसचा चिखल होतो. सर्व्हिसिंगला हबवर जवळून प्रेशरचं पाणी मारणारेही तेच पाप करतात.

दुसरं कारण वजन. हळदीचा हंगाम आला की गाडीची डिकी आणि मागची सीट दोन्ही कट्ट्यांनी भरतात. बेअरिंगचं गणित इथं निर्दय आहे. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. भार सव्वापट झाला की आयुष्य जवळपास निम्मं, दुप्पट झाला तर एक अष्टमांश. काळ्या जमिनीवरचा रस्ता भेगाळून खचलेला असला, की प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो.

आता पैशाचं बोलू. जुन्या गाड्यांत ढोबळमानाने तीन तऱ्हा. बोलेरो-सुमोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये उतरत्या रोलरची, म्हणजे टेपर बेअरिंगं असतात. ती उघडता, धुता आणि पुन्हा ग्रीस भरून बसवता येतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच छोट्या गाड्यांत बंद बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हब धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागात, प्रेसने बसवलेलं असतं. नव्या पिढीत हब आणि बेअरिंग एकजीव, बोल्टवर येणारं युनिट. बसवायला सोपं, विकत घ्यायला महाग. पहिल्या दोन तऱ्हांत सुटं बेअरिंग बहुधा काही शे रुपयांचा मामला, हब युनिट मात्र हजारांत जातं.

बचतीची खरी जागा बेअरिंगच्या कडेवर कोरलेल्या आकड्यात आहे. साध्या बेअरिंगचे आकडे जगभर एकच. ६२०५ म्हटलं की शेवटच्या ०५ ला पाचाने गुणायचं, आतला व्यास २५ मिलिमीटर. बाहेरचा ५२, रुंदी १५. मागे ‘२आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. चाकातली सगळी बेअरिंगं या साध्या मालिकेतली नसतात, पण क्रमांक प्रत्येकावर असतो. जुनं बेअरिंग पुसून तो वाचायचा, शेपटाच्या अक्षरांसकट लिहून घ्यायचा आणि गाडीच्या पार्टच्या दुकानासोबत नुसत्या बेअरिंगच्या दुकानातही विचारायचं. गाडी कंपनीच्या डब्यातलं आणि बेअरिंग कंपनीच्या स्वतःच्या डब्यातलं, दोन्ही कित्येकदा एकाच कारखान्यातून येतात. डब्याचे पैसे वेगळे लागतात, एवढंच.

नकली मालाचं भय मात्र खरं आहे. एसकेएफ, शेफलर अशा कंपन्यांनी माल ओळखण्यासाठी मोबाइल अ‍ॅप काढली आहेत, यावरूनच धंदा किती फोफावला ते कळतं. भाव अविश्वसनीय वाटला तर विश्वास ठेवू नये. भंगारातून नकल किंवा हब घ्यायला हरकत नाही. बेअरिंग कधीच नाही.

यापुढे सगळं बसवण्यावर. बेअरिंग विकत घेताना शंभर रुपये वाचवणारा माणूस हातोड्याने ते ठोकताना बघत उभा राहतो, तिथे सगळा हिशेब चुकतो. गावच्या गॅरेजात हायड्रॉलिक प्रेस नसेल तर अख्खी गाडी नांदेडला न्यायची गरज नाही. नकल सोडवून तेवढी लेथवाल्याकडे न्यायची. त्याच्याकडे प्रेस असते आणि मजुरीही बेताची. तिथे पाहण्यासारखी गोष्ट एकच. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर हवा. हब आत दाबताना आतल्या कड्याला खालून टेका हवा. उलटं झालं की सगळा दाब छर्ऱ्यांवरून जातो, रेसवर, म्हणजे छर्रे फिरतात त्या कड्यांच्या खाचांवर, खळगे पडतात आणि नवं बेअरिंग दुसऱ्या महिन्यात घुमू लागतं. हुशार लेथवाला जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं किंचित घासून तेच दाबायला वापरतो. मापाचा ठोकळा फुकटात. हबवर अडकलेलं जुनं आतलं कडं ग्रायंडरने चिरून छिन्नीने फोडतात. त्यात हबवर ओरखडा उमटला तर पुढचं सगळं वाया.

एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका तोंडाला चुंबकी पट्टी असते. ती सेन्सरकडेच हवी. डोळ्याला दोन्ही तोंडं सारखी दिसतात, म्हणून खिळा किंवा पिन जवळ धरून ओळखणं बरं. मात्र चुंबक घासायचं नाही.

एक्सलचा नट नवा घ्यावा आणि कंपनीने दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळावा. नट ढिला असताना गाडी चाकावर उतरवून ढकलूसुद्धा नये. टेपर बेअरिंगची रीत निराळी: चाक फिरवत नट आवळायचा, मग थोडा सोडायचा, हलका पुन्हा लावून पिन मारायची. फार आवळलं तर तापून जळतं, सैल राहिलं तर डुगडुगतं. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या मागच्या फटीतून पुढून बाहेर येईपर्यंत भरायचं. बैलगाडीच्या आखाला वंगण घालणाऱ्या पिढीला हे शिकवावं लागत नाही.

दोन्ही बाजू एकदम बदला, असा आग्रह काही ठिकाणी होतो. दुसरी बाजू गप्प आणि घट्ट असेल तर त्याची गरज नाही. त्यापेक्षा ते पैसे नवं ऑइल सील, सर्कलिप आणि शेवटी अलाइनमेंटवर घालावेत, कारण नकल सोडवताना चाकाचा कोन सहसा हलतो.

जुनं बेअरिंग मात्र मागून घ्यावं. घरी ते फोडून पाहिलं तर कारण हातात येतं. ग्रीस तांबूस, गंजट असेल तर पाणी शिरलं होतं. सील आणि धुण्याची पद्धत बघायला हवी. रेसची कातडी सोलल्यासारखी निघाली असेल तर तो भाराचा आणि वयाचा थकवा. आणि छर्ऱ्यांच्या अंतराअंतराने सारखे खळगे दिसले, तर एक तर मोठा खड्डा लागला आहे, नाहीतर मागच्या वेळी कुणीतरी हातोडा चालवला होता.