ताडगोळा म्हणजे ताडाचा गर नव्हे

एप्रिल-मेमध्ये बोरिवली स्टेशनाबाहेर ताडगोळे डझनाने विकले जातात. हा ताडाच्या फळाचा गर, असा सर्रास समज आहे. दिसतेही तसेच, कारण विक्रेता कोयत्याने काळसर फळ छाटून आतले गोळे काढतो. पण ताडगोळा हे फळातले कोवळे बी आहे. एका ताडफळात बहुधा अशा तीन बिया असतात. आपण खातो तो भ्रूणपोष (अंकुरासाठी बीमध्ये साठवलेले अन्न).

शहाळे आठवा. त्यातले पाणी आणि मलई हाही भ्रूणपोषच; जून झाल्यावर त्याचे खोबरे होते. ताडगोळाही तसाच पुढे दगडासारखा कडक होतो. म्हणून अंगठ्याने दाबून लवचीक लागेल तोच घ्यावा.

खरा गर बियांभोवती असतो. फळ पिकले की तो केशरी, तंतुमय आणि गोड होतो. बंगालमध्ये श्रावण-भाद्रपदात त्याचे वडे तळतात. आपल्याकडे तो फारसा कोणी चाखत नाही, याची मला खरोखर चुटपुट वाटते.

ताडगोळ्याची पिवळसर साल तुरट लागते, म्हणून ती सोलतात. घामोळ्यांवर ती ओली साल चोळण्याची घरगुती रीत आहे. तिने गारवा मिळतो. पुरळ चिघळले असेल तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावे.