कोंबडी मागायची भाषा

अमेरिकेतल्या शाळांमधली फ्रेंच मंडळं फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘मार्दी ग्रा’ हमखास साजरा करतात. नावाचा अर्थ ‘चरबीचा मंगळवार’. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाआधीची ही शेवटची चंगळ. गोव्याचा इंत्रुज याच पंचांगातला. शाळेत त्याचं रूप ठरलेलं: जांभळ्या-हिरव्या-सोनेरी माळा, मुखवटे आणि पोटात प्लास्टिकचं बाळ दडवलेला ‘किंग केक’. ज्याच्या तुकड्यात बाळ, पुढचा केक त्याने आणायचा. यात फ्रेंच कुठे आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर अवघड आहे. ते तीन रंगसुद्धा न्यू ऑर्लिन्सच्या ‘रेक्स’ मंडळाने १८७२ मध्ये रूढ केलेले. पण म्हणून सण बंद करणं हा उपाय नव्हे. तो शहरातून खेड्याकडे न्यायला हवा.

लुइझियानातल्या मामू, युनिससारख्या गावांत या दिवशी ‘कुरीर’ निघतो. सोंगं घेतलेली माणसं घोड्यांवरून घरोघर जातात. म्होरक्या, म्हणजे काप्तेन, आधी घरमालकाची परवानगी घेतो. मग गाणं-नाच करत गम्बो या रश्शासाठी जिन्नस मागितले जातात. मालक एखादी जिवंत कोंबडी सोडतो आणि तिच्यामागे चिखलात एकच धावपळ उडते. शिमग्याचा पोस्त मागणारी सोंगं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे परकं वाटू नये. महत्त्वाचं आहे ते गाणं, कारण ते फ्रेंचमध्ये आहे. राज्याच्या १९२१ च्या घटनेने सरकारी शाळांत इंग्रजी सक्तीची केली. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होत. पुढे तीच पोरं आईबाप झाली आणि त्यांच्यापैकी अनेकांनी मुलांशी फ्रेंच बोलणंच सोडलं. १९६८ मध्ये राज्याने ‘कोडोफिल’ ही संस्था काढून फ्रेंच जपायला घेतली, तोवर घरातला धागा बराच तुटला होता. गाणं मात्र सणाच्या आधाराने तगलं. शाळेनेच हाकललेली भाषा शाळेतल्या मंडळात सणासोबत परत येते, हे मुलांना कळलं तर माळांनाही काही अर्थ येईल.

सरकारी शाळेत धार्मिक सण कशाला, ही शंका रास्त आहे. पण धर्माची उपासना आणि धर्माचा अभ्यास यांतला फरक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच मान्य केला आहे. खरा आक्षेप दुसराच: पाठ केलेल्या गाण्याने भाषा येत नाही. कबूल. मागता आलं तर मात्र येते. वर्गाच्या दाराशी उभं राहून कांदा, तांदूळ, कोंबडी आदरार्थी फ्रेंचमध्ये मागितल्याशिवाय केक नाही, एवढा एक नियम पुरे. केक जरा उशिरा मिळेल, इतकंच.